नव्याने जन्मणे : ख्रिस्ती विश्वासाकडे वळणाऱ्या नवख्यांसाठी

रविवारची उपासना संपल्यावर मंडळी बाहेर पडते, ओळखीचे लोक एकमेकांची खुशाली विचारत फाटकापाशी रेंगाळतात, आणि त्या गर्दीतून अंग चोरत कोणी एक नवा माणूस जवळ येऊन उभा राहतो, हे कोल्हापुरात मंडळीचा (म्हणजे ख्रिस्ती उपासकांच्या समुदायाचा) वडील, म्हणजे कारभार पाहणारा ज्येष्ठ सभासद म्हणून काम करताना मी अनेकदा पाहिले आहे. करवीर तालुक्यातील एका गुऱ्हाळावर काम करणारा एक तरुण असाच चार रविवार मागच्या बाकावर बसला आणि पाचव्या रविवारी माझ्याकडे येऊन म्हणाला, “काका, नव्यानं जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसत न्हाई, असं पाळकसाहेब म्हणाले. म्हंजे मेल्यावर पुढचा जन्म चांगला मिळावा म्हणून आत्ताच काय तरी करायचं, असंच न्हवं?” त्याच्या मनगटावर काहिलीच्या चटक्याचा जुना डाग होता आणि बोलताना तो त्या डागावर अंगठा फिरवत होता. मला घरी जाण्याची घाई होती. मी एक पत्रिका त्याच्या हातात ठेवली, वाचून बघ म्हणालो आणि निघालो. पुढचे दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी आला, तेव्हा मी त्याच्याबरोबर चर्चच्या पायरीवर बसलो आणि अगदी पहिल्यापासून बोलायला सुरुवात केली. त्यानंतरच्या काही महिन्यांत आम्ही जे बोललो, ते त्याच्यासारख्या इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे क्रमाने मांडत आहे.

आधी शब्द नीट समजून घ्यावा

आपल्या भाषेत ‘पुनर्जन्म’ हा शब्द उच्चारताच चौऱ्यांशी लक्ष योनी, कर्माचे फळ आणि मागच्या जन्मीचे देणेघेणे डोळ्यांसमोर येते. काही ख्रिस्ती लेखनातही हाच शब्द वापरलेला आढळतो आणि नवख्या वाचकाचा गोंधळ तेथूनच सुरू होतो. म्हणून मराठी मंडळ्यांत ‘नवा जन्म’ किंवा ‘नव्याने जन्मणे’ असे म्हणण्याची रीत पडली आहे, आणि नवख्याने तोच शब्दप्रयोग धरून ठेवावा असे मला वाटते. माणसाला एकदाच मरण आहे आणि त्यानंतर न्याय आहे, असे बायबलच्या नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ९व्या अध्यायात सांगितले आहे. तेव्हा ज्या नव्या जन्माविषयी येशू बोलतो, तो मरणानंतरचा नसून याच आयुष्यात, याच देहात, याच घरात आणि याच नावाने जगत असताना होणारा आहे. देवापासून दुरावलेल्या, त्याच्या बाबतीत जणू मेलेल्या माणसाच्या अंतर्यामात देव स्वतः आपल्या आत्म्याने जीवन घालतो आणि त्या दिवसापासून तो माणूस देवाचे मूल म्हणून जगू लागतो, एवढा त्याचा गाभा आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात येथे जो मूळ ग्रीक शब्द आहे, तो ‘आनोथेन’. त्याचे दोन अर्थ होतात : ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. येशूशी बोलणाऱ्या निकदेमाने पहिला अर्थ धरला, म्हणून म्हातारा माणूस आईच्या उदरात परत कसा जाईल, असे त्याने विचारले. येशूच्या बोलण्याचा रोख मात्र दुसऱ्या अर्थाकडे होता. वरून, म्हणजे देवाकडून. गुऱ्हाळावरच्या त्या तरुणाची गल्लत आणि त्या विद्वान परुश्याची, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातील निकदेमाची, गल्लत एकाच जातीची होती, हे मला फार उशिरा लक्षात आले, आणि ते आधीच लक्षात आले असते तर मी त्याला पत्रिका देऊन वाटेला लावले नसते.

नाव बदलणे, गळ्यात क्रूस घालणे किंवा ख्रिस्ती समाजाच्या यादीत नाव चढवणे याला नवा जन्म म्हणत नाहीत. तांबडा-पांढरा रस्सा खाल्ल्याने तो होत नाही आणि सोडल्यानेही होत नाही. ख्रिस्ती आईबापांच्या पोटी जन्मल्यानेही तो आपोआप मिळत नाही. देवाची मुले रक्तापासून किंवा मनुष्याच्या इच्छेपासून जन्मत नाहीत, ती देवापासून जन्मतात, असे योहान आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात स्पष्ट करतो. हे मी स्वतःविषयीही लिहीत आहे. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, सोळाव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे विश्वासाची स्वतः जाहीर कबुली देण्याचा विधी झाला, उपासनेतील गीते मला पाठ होती, आणि तरीही एकोणतिसाव्या वर्षापर्यंत माझे देवाशी काही नाते होते असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

योहानाचा तिसरा अध्याय रात्री, सावकाश वाचावा

नवा करार मिळवावा. मराठीतील पहिला नवा करार मिशनरी विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली बंगालमधील श्रीरामपूर येथे १८११ साली छापला गेला; आज अनेक सुबोध आवृत्त्या सहज मिळतात आणि भ्रमणध्वनीवरही वाचता येतात. तरी छापील प्रत घ्यावी, कारण समासात पेन्सिलीने खूण करता आली पाहिजे. पहिल्या आठवड्यात योहानाच्या तिसऱ्या अध्यायातील पहिल्या एकवीस ओव्यांपलीकडे जाऊ नये. घरातले सगळे झोपल्यावर, स्वयंपाकघरातील दिव्याखाली बसून, त्या रोज एकदा मोठ्याने वाचाव्यात. ‘ओवी’ हा शब्द ख्रिस्ती वाचक बायबलमधील क्रमांक घातलेल्या वाक्यासाठी वापरतात; त्यावरून तो मजकूर पद्यात असावा असे समजू नये.

निकदेम हा परुशी, यहुद्यांचा अधिकारी आणि शास्त्र शिकवणारा माणूस होता. तो रात्री आला. का आला, हे योहान सांगत नाही. लोकलज्जेस्तव आला असेल किंवा निवांतपणे बोलता यावे म्हणूनही आला असेल. लक्षात घेण्याजोगे हे की ‘तुम्हाला नव्याने जन्मले पाहिजे’ हे वाक्य येशूने कोणा दरोडेखोराला किंवा जकातदाराला ऐकवले नाही, गावात ज्याच्या चारित्र्याला कोणी नाव ठेवले नसते अशा सज्जन माणसाला ऐकवले. आपल्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण निर्व्यसनी, कष्टाळू, आईबापांना सांभाळणारे असतात आणि नव्या जन्माची गरज दारुड्या माणसाला असेल, मला कशाला, असे त्यांना मनातून वाटत असते. त्यांनी या अध्यायाची सुरुवात पुन्हा पुन्हा वाचावी.

पुढे पाणी आणि आत्मा यांचा उल्लेख येतो. त्याचा अर्थ लावताना जुन्या करारातील यहेज्केलाच्या ग्रंथाचा ३६वा अध्याय शेजारी ठेवावा. देव आपल्या लोकांवर शुद्ध पाणी शिंपडील, त्यांच्यातील दगडाचे हृदय काढून मांसाचे हृदय देईल आणि आपला आत्मा त्यांच्यात घालील, असे अभिवचन तेथे आहे. त्या अभिवचनात कर्ता सगळीकडे देव आहे. ‘मी शिंपडीन, मी काढीन, मी देईन’ अशी ती वाक्ये आहेत, आणि माणसाकडे तेथे काही करण्याचे काम दिलेलेच नाही. निकदेमाला हे शास्त्र तोंडपाठ असले पाहिजे, म्हणूनच ‘तुम्ही इस्राएलाचे गुरू असून हे समजत नाही काय?’ असे येशू त्याला विचारतो.

मग वाऱ्याची उपमा येते : वारा पाहिजे तिकडे वाहतो, त्याचा आवाज ऐकू येतो, पण तो कोठून येतो आणि कोठे जातो हे कळत नाही. पन्हाळ्याच्या तटावर संध्याकाळी उभे राहिलेल्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. वारा आपल्या हाताने वळवता येत नाही, तो आल्यावर नाकारताही येत नाही. आत्म्याचे काम असेच आहे, हे एकदा मनात ठसले म्हणजे ‘मी कोणता विधी करू, किती उपास करू, म्हणजे मला नवा जन्म मिळेल’ हा प्रश्न सैल पडू लागतो.

खोडवा आणि लागण

हा मुद्दा त्या तरुणाला काही केल्या पटेना. “म्हंजे माझ्या हातात कायच न्हाई?” असे तो पुन्हा पुन्हा विचारत होता. शेवटी आम्ही उसाकडे वळलो, कारण त्या विषयात गुरू तो होता आणि शिष्य मी.

ऊस तुटून गेल्यावर बुडख्यातून जे फुटवे येतात तो खोडवा, आणि त्याच्यापुढचा निडवा. खत घातले, पाला कुजवला, पाण्याची पाळी चुकवली नाही, तर खोडवाही चांगला उतारा देतो आणि दुरून पाहणाऱ्याला तो नव्या लागणीसारखाच, म्हणजे नव्याने लावलेल्या उसासारखाच, हिरवागार दिसतो. पण बुडखा जुनाच असतो. त्याला रोग असेल, तर तो फुटव्यातही उतरतो. माणूस आपल्या बळावर स्वतःला सुधारतो, तेव्हा तो खोडवा राखत असतो. तंबाखू सोडतो, शिव्या कमी करतो, देवळात किंवा चर्चला नेमाने जातो, आणि हे सगळे चांगलेच असते, पण अहंकाराचा, भीतीचा, देवाला टाळण्याचा बुडखा जमिनीत तसाच राहतो. नवा जन्म ही नव्या बेण्याची लागण आहे. नाशवंत बीजापासून नव्हे, तर अविनाशी बीजापासून, म्हणजे देवाच्या जिवंत वचनाच्या द्वारे तुम्ही नव्याने जन्मला आहात, असे येशूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या पत्रात लिहितो. आणि रान स्वतःची लागण स्वतः करू शकत नाही; ते नांगरटीखाली येऊ शकते, एवढेच.

हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “जुना बुडखा उपटताना रान दुखत असंल.” पुढच्या पायरीकडे आम्ही त्या वाक्यावरून गेलो.

पश्चात्ताप नावानिशी करावा

मराठी शब्दात ‘ताप’ आहे, त्यामुळे पश्चात्ताप म्हणजे हळहळ, रडणे, स्वतःला दोष देणे असे वाटते. ग्रीक शब्दाचा रोख मन बदलण्यावर, तोंड फिरवण्यावर आहे. जक्कय या जकातदाराची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायात वाचावी. तो रडल्याचा उल्लेख नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे लुबाडले त्याचे चौपट परत करतो, असे तो उभा राहून सांगतो. आकडा सांगतो, हे महत्त्वाचे आहे.

म्हणून ‘हे देवा, मी पापी आहे’ असे ढोबळ वाक्य म्हणून थांबू नये. एक कोरा कागद घ्यावा, देवासमोर बसावे आणि जे आठवेल ते नावानिशी लिहावे : कोणाचे पैसे बुडवले, कोणाशी खोटे बोललो, कोणाचा मत्सर केला, कोणाला माफ केलेले नाही. हा कागद कोणालाही दाखवण्याची गरज नाही आणि कोणी दाखवायला सांगितला तर दाखवूही नये. दोनतीन दिवसांनी तो जाळून टाकावा. पण त्यातील ज्या गोष्टींची भरपाई आपल्या हातात आहे, त्यांची टिपण आधी वेगळी काढून ठेवावी.

माझ्या कागदावर सर्वात वर माझ्या थोरल्या भावाचे नाव आले होते. गावाकडच्या शेताच्या बांधावरून आमचे सहा वर्षे बोलणे बंद होते, आणि त्या सहा वर्षांत मी एकही रविवार न चुकवता ‘जशी आम्ही आमच्या ऋण्यांस क्षमा केली आहे’ ही प्रार्थना म्हणत होतो. एका रात्री ती ओळ माझ्या घशातच अडकली. दुसऱ्या दिवशी मी एस.टी.ने गावी गेलो. दादा गोठ्यात धार काढत होता. त्याने मान वर केली नाही आणि मला उभे राहूनच बोलावे लागले. मी तयार करून नेलेली वाक्ये विसरलो. “दादा, बांध तुझ्या बाजूनं धर, माझं चुकलं,” एवढेच निघाले. त्याने चरवी खाली ठेवली आणि घरात हाक मारून चहा टाकायला सांगितला. माझा नवा जन्म नेमका कोणत्या क्षणी झाला हे मला सांगता येत नाही, पण त्या गोठ्यातून बाहेर पडताना मी आत गेलो होतो तो माणूस उरलो नव्हतो, हे मला ठाऊक आहे.

विश्वास ठेवणे म्हणजे नेमके काय करणे

येशू निकदेमाला जुन्या करारातील एका प्रसंगाची आठवण करून देतो. अरण्यात साप चावून इस्राएल लोक मरत होते, तेव्हा देवाच्या आज्ञेवरून मोशेने पितळेचा साप करून खांबावर टांगला आणि ज्याने त्याच्याकडे पाहिले तो वाचला. गणनेच्या ग्रंथात २१व्या अध्यायात ही हकीगत आहे. तसेच मनुष्याच्या पुत्राला (येशू स्वतःला असे म्हणतो) उंच केले पाहिजे, असे येशू म्हणतो, म्हणजे वधस्तंभाकडे बोट दाखवतो. साप चावलेल्या माणसाने विषावर उतारा शोधला नाही, आपण वाचण्याच्या लायकीचे आहोत हे सिद्ध केले नाही. त्याने मान वळवून पाहिले. विश्वास हा तेवढाच आणि तसाच आहे : माझ्या पापांसाठी येशू मेला, देवाने त्याला मरणातून उठवले, आणि मी आता माझा भार स्वतःवर न ठेवता त्याच्यावर टाकतो. मराठीत ‘भरवसा’ हा शब्द येथे ‘श्रद्धा’ या शब्दापेक्षा अधिक जवळचा वाटतो, कारण भरवसा नेहमी कोणा एका व्यक्तीवर असतो.

हे देवाला स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या बोलीत सांगावे. छापील प्रार्थना वाचल्याने नवा जन्म मिळतो आणि न वाचल्याने हुकतो, असे कोणी सांगत असेल, तर ते ऐकू नये. वाचून म्हटलेली प्रार्थनाही खरी असू शकते, पण शब्दांत जादू नाही. गुऱ्हाळावरच्या त्या तरुणाने चुलवाणापाशी, रात्रपाळीत, चिपाडे सारताना प्रार्थना केली आणि तिच्यात ‘प्रभो’ हा शब्दही नव्हता, असे त्याने मला नंतर संकोचाने सांगितले. त्यात संकोच करण्यासारखे काहीच नव्हते.

क्षण आठवला पाहिजे काय?

साक्ष देताना काही जण तारीख, वार, वेळ सांगतात, आणि ज्याला असे काही सांगता येत नाही तो मनात खट्टू होतो. आपल्याच मराठी ख्रिस्ती इतिहासाकडे पाहावे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, हे त्यांना कळले ते त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, आणि ती गोष्ट त्यांनी पुढे उघडपणे लिहून ठेवली. नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका परक्या सहप्रवाशाने नवा करार दिला. वाचन, शंका आणि झगडा यांतून जात १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंची वाट याहूनही लांब होती. पतीच्या निर्णयाने त्या कोलमडून गेल्या, वेगळ्या राहिल्या, पुढे परत आल्या, हळूहळू त्यांचे सोवळेओवळे गळून पडले आणि मग, आणखी काही काळाने, त्यांनी स्वतःच्या मनाने ख्रिस्ताला स्वीकारले.

तिघांच्या वाटा तीन, आणि कोणाचीही खोटी नाही. सूर्य किती वाजता उगवला हे झोपलेल्या माणसाला सांगता येत नाही, पण आत्ता उजाडलेले आहे की नाही हे त्याला कळते. आज माझा ख्रिस्तावर भरवसा आहे काय, हा प्रश्न स्वतःला विचारावा. तारखेचा शोध घेत बसू नये.

बाप्तिस्मा आणि मंडळी

येथे मंडळ्यांमध्ये खरा मतभेद आहे आणि तो नवख्यापासून लपवणे योग्य नाही. कॅथलिक शिकवणीनुसार स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या द्वारेच नवा जन्म मिळतो, म्हणून तान्ह्या बाळांनाही तो दिला जातो. मोठेपणी येणाऱ्यांना तेथे टप्प्याटप्प्याने शिक्षण देऊन बहुधा पुनरुत्थानाच्या सणाच्या रात्री स्नानसंस्कार देतात. प्रेस्बिटेरियन परंपरेत बाप्तिस्मा ही देवाच्या कराराची खूण आणि मोहोर मानली जाते आणि विश्वासणाऱ्यांच्या मुलांना ती दिली जाते, पण नवा जन्म हे आत्म्याचे काम त्या विधीच्या क्षणाशी बांधलेले नाही, असे शिकवले जाते. रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले आणि पुढे ते काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले, त्यामुळे आपल्या भागातील अनेक जुन्या मंडळ्यांत ही परंपरा मुरलेली आहे. बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या आधी वैयक्तिक विश्वास आणि मग पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा, असा क्रम धरतात. १९७० साली नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात दोन्ही रीतींना जागा आहे. माझे मत प्रेस्बिटेरियन घरात घडलेले आहे, हे वाचकाने लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

प्रौढ नवख्याने बाप्तिस्म्याची टाळाटाळ करू नये आणि घाईही करू नये. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात कूश देशाच्या एका षंढ अधिकाऱ्याने वाटेत पाणी दिसताच बाप्तिस्मा घेतला आणि फिलिप्पैच्या बंदिशाळेच्या नायकाने त्याच रात्री घरच्यांसह घेतला, हे खरे आहे; पण आपल्याकडे निर्णयाचा भार घरादारावर पडतो, म्हणून पाळकांकडून, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडून, निदान काही महिने शिक्षण घ्यावे, असे मी सांगतो. लग्न जमावे, नोकरी लागावी, घरच्यांवरचा राग काढावा किंवा आजार बरा व्हावा, यांपैकी कोणताही हेतू मनात असेल तर थांबावे आणि तो पाळकांना मोकळेपणाने सांगावा.

संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि म्हणूनच आमिष किंवा दबाव यांचा स्पर्शही या गोष्टीला होता कामा नये. अनुसूचित जातीतून येणाऱ्यांना आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगितली पाहिजे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध धर्मीयांपुरता आहे; ख्रिस्ती झाल्यावर त्या सवलती घेता येत नाहीत. बाप्तिस्मा घ्यायचा आणि कागदोपत्री लपवायचा, असा सल्ला कोणी दिला, तर नव्या जीवनाची सुरुवात खोटेपणाने होईल, हे ध्यानात ठेवावे.

मंडळी निवडताना काही खुणा पाहाव्यात. जेथे पहिल्याच भेटीत अर्जावर सही मागतात, जेथे आशीर्वादासाठी पैसे मागतात, जेथे औषधे बंद करायला सांगतात किंवा आईबापांशी संबंध तोडायला सांगतात, तेथून उठून यावे. मिरजेचे आणि कोल्हापूरचे मिशन दवाखाने उभारणाऱ्या लोकांनी प्रार्थनाही केली आणि शस्त्रक्रियाही केली. त्यांना त्यात काही विसंगती वाटली नाही.

घरी कसे वागावे

मला सर्वात जास्त बोलावेसे वाटते ते याविषयी, कारण बहुतेक चुका येथे होतात. नवा विश्वास मिळालेला माणूस उत्साहाच्या भरात घरातील देव्हाऱ्याविषयी कठोर बोलतो, नवरात्रात आई अंबाबाईच्या दर्शनाला निघाली असताना वाद घालतो, जोतिबाच्या चैत्र यात्रेहून आलेल्या चुलत्याच्या अंगावरचा गुलाल पाहून तोंड वाकडे करतो. असे करू नये. ज्या आईने आपल्याला पहिला जन्म दिला, तिला दुसऱ्या जन्माची ओळख तिच्या अपमानातून होऊ शकत नाही. तिच्यापासून काही लपवूही नये. आपण काय वाचतो, रविवारी कोठे जातो, हे तिला स्वतः सांगावे, दुसऱ्याकडून कळू देऊ नये.

पूजेत भाग घ्यावा की नाही, प्रसाद खावा की नाही, हे प्रश्न येतातच. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातील आठवा ते दहावा अध्याय पाळकांबरोबर बसून वाचावेत. उपासना एकाच देवाची, हे तेथे ठाम आहे, आणि ज्ञान फुगवते पण प्रीती उभारणी करते, हेही तेथेच आहे. नकार द्यायचा झाल्यास हात जोडून, कमी शब्दांत द्यावा आणि लगेच उठून पाहुण्यांची पाने वाढायला, भांडी घासायला लागावे. पती किंवा पत्नी विश्वासात नसेल आणि एकत्र राहण्यास राजी असेल, तर तिला किंवा त्याला सोडू नये, असे त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे.

त्या तरुणाच्या आईने सहा महिन्यांनी मला विचारले, “तुम्ही पोराला काय केलंसा? पगार झाला की आता माझ्या हातात आणून देतोय.” मी काही केले नव्हते, आणि तेच मी तिला सांगितले.

वाढ आणि पडणे

जन्मलेले मूल पहिल्या दिवशी चालत नाही. तालमीत घाम गाळून पैलवान होता येते, पण जन्माला येण्यासाठी तालीम नसते. आधी जन्म, मग मेहनत, हा क्रम उलटा करू नये. नव्याने जन्मलेल्या बालकांनी वचनरूपी दुधाची इच्छा धरावी, असे पेत्र लिहितो. रोज अर्धा अध्याय, थोडी प्रार्थना, रविवारची उपासना, प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी), आणि ज्याला मनातले सांगता येईल असा मंडळीतील एक वडीलधारा माणूस, एवढे पहिल्या वर्षाला पुरते. खुणा पाहायच्या असतील तर भावनेत पाहू नयेत, गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील यादीत पाहाव्यात : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यांपैकी एखादे तरी फळ गेल्या वर्षीपेक्षा किंचित मोठे झाले आहे काय, हे घरच्यांना विचारावे, कारण आपले आपल्याला ते दिसत नाही.

निकदेमाचे पुढे काय झाले, हेही वाचावे. सातव्या अध्यायात तो सभेत उभा राहून येशूचे ऐकून न घेता त्याला दोषी ठरवू नका, एवढेच म्हणतो आणि टोमणे खातो. एकोणिसाव्या अध्यायात, शिष्य पांगलेले असताना, तो दिवसाउजेडी सुमारे ३३ किलो भरेल इतके गंधरस आणि अगरू घेऊन येतो आणि वधस्तंभावरून उतरवलेल्या येशूच्या देहाला सुगंधी द्रव्यांसह तागाच्या वस्त्रांत गुंडाळण्यास हात लावतो. रात्री आलेल्या माणसाची वाढ अशी सावकाश झाली.

आणि पडणे होतेच. आपण आपली पापे पदरी घेतली तर देव विश्वासू आहे, तो क्षमा करील, हे योहानाच्या पहिल्या पत्रातील वचन विश्वासणाऱ्यांनाच लिहिलेले आहे. पडल्यावर पुन्हा नव्याने जन्म घ्यावा लागत नाही. मूल पडले म्हणून ते मूल असण्याचे थांबत नाही. पण उठावे लागते, आणि ते लवकर उठावे. गोठ्यातल्या त्या दिवसानंतर दोन वर्षांनी सरकारी मोजणी आली, हद्दीचा दगड दादाच्या बाजूला दीड हात आत सरकला, आणि मोजणीदारासमोर मी दादाला असे काही बोललो की तो ताठ मानेने रानातून निघून गेला. मी कोल्हापूरला परत आलो, रात्रभर झोप लागली नाही, आणि पहाटेच्या पहिल्या गाडीने पुन्हा गावी गेलो. वहिनींनी दार उघडले, मला पाहिले आणि काही न विचारता आत वळून म्हणाल्या, “अहो, भावजी आल्यात. आधण ठेवते.”